आत न शिरणारी वाट

पृथ्वीच्या अगदी उत्तरेला, जिथे वाऱ्यापुढे झाडांचेही काही चालत नाही अशा एका बर्फाळ मुलखात, एक लांडगीण राहत असे. मुलांनो, गोष्टीत लांडगा आला की त्याला लबाड आणि खादाड करून टाकायची आपल्याकडे पद्धतच पडली आहे. या गोष्टीत तसे होणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. ही लांडगीण शिकार करून पोट भरायची, भूक लागली की चिडचिडही करायची; पण तिच्या घराण्याची एक रीत होती, आणि ती रीत तिने कशी पाळली हे ऐकलेत तर तुम्हालाही तिचा माझ्याइतकाच अभिमान वाटेल.

तिची गुहा एका टेकडीच्या उतारावर होती. टेकडी उतरली की थेट समुद्रापर्यंत एक मोठा माळ पसरलेला होता. वर्षातले बहुतेक महिने तो बर्फाखाली असे आणि तिथे चिटपाखरूही दिसत नसे. उन्हाळा तोंडावर आला की मात्र दक्षिणेकडचे डोंगर ओलांडून कॅरिबूंचे कळप तिथे येत. कॅरिबू म्हणजे थंड मुलखातले एक मोठे हरीण. त्यांच्यात नराप्रमाणे मादीलाही शिंगे असतात. गाभण माद्या सगळ्यांच्या पुढे चालत, कारण माळावर पोचायची घाई त्यांनाच असे. तिथले गवत कोवळे, आणि समुद्रावरून वारा सारखा वाहत असल्यामुळे डासांचा त्रासही कमी. त्या माळावरच त्या व्यायच्या, आणि ओल्या अंगाची पाडसे तिथेच पहिल्यांदा लटपटत उभी राहायची.

नुकते जन्मलेले पाडस पळू शकत नाही. लांडग्याच्या दृष्टीने ते म्हणजे वाढून ठेवलेले ताटच. तरीही टेकडीचे खडक संपून जिथे माळ सुरू होतो तिथे लांडगे थांबत. लांडगिणीची आई तिथे थांबली होती, आजी थांबली होती, आणि तिच्याही आधीच्या साऱ्या जणी तिथेच थांबल्या होत्या. माळावर पाऊल टाकायचे नाही, ना उन्हाळ्यात ना हिवाळ्यात, ना भरल्या पोटी ना रिकाम्या. दुसरी रीत अशी की, कळपाच्या पुढे चालणाऱ्या माद्यांना हात लावायचा नाही. त्यांना वाट ठाऊक असते आणि बाकीचा कळप त्यांच्यामागून येतो. शिकार करायची ती मागाहून येणाऱ्यांची. त्या मुलखात कातड्याच्या तंबूंत राहणारी माणसे होती, तीही कॅरिबूंवरच जगत आणि हीच रीत पाळत. ती लांडग्यांनी माणसांकडून घेतली की माणसांनी लांडग्यांकडून, यावर दोघांचेही म्हणणे वेगवेगळे होते.

आता जरा अस्वलांकडे वळू. दक्षिणेच्या गर्द जंगलात राहणाऱ्या अस्वलांना एकदा जमिनीतून पाझरणारे काळे तेल सापडले. ते पेटते हे कळल्यावर त्यांनी ते गुहेत आणून पेटवले, आणि भर हिवाळ्यात गुहा उबदार झाली. मग त्यांनी हिवाळी झोप सोडून दिली. झोप नाही म्हणून भूक लागे, भूक लागे म्हणून खाणे चाले, आणि जागरणाने सगळ्यांचे डोळे लाल. एकमेकांशी धड बोलेनात. पण ऊब सोडवेना. होते ते तेल संपत आले, तसे अस्वलांनी आपल्यातले एक गोडबोले अस्वल नवे तेल शोधायला उत्तरेकडे धाडले.

अस्वल आले ते ऐन हिवाळ्यात. त्याला वाट दाखवायला एक पांढरा कोल्हा मिळाला. हा कोल्हा तिथलाच, लांडग्यांच्या शेजारचा. दुसऱ्याने केलेल्या शिकारीवर जगण्यात त्याचे आयुष्य गेले होते, आणि अस्वलाने त्याला रोजच्या मांसाचा शब्द दिला होता. कोल्ह्याने अस्वलाला सगळा मुलूख फिरवला. माळावर पाय ठेवताच अस्वलाने नाक जमिनीला लावले आणि ते खूश झाले. तेल इथेच होते. इकडेतिकडे पाहिले तर कुठे गुहा नाही, बीळ नाही, हाड नाही, पाऊलही नाही. जंगलातली अस्वले आपली जागा ओळखायला झाडांच्या खोडांवर नखांनी ओरखडे काढतात. ज्या झाडावर ओरखडा नाही ते झाड कुणाचेच नाही, असा त्यांचा सरळ हिशेब. इथे तर झाडच नव्हते. अस्वलाने माळाच्या मधोमध खुंट्या ठोकल्या आणि चार-दोन ठिकाणी उकरूनही पाहिले.

उत्तरेचा मात्र एक कायदा होता. जिथे कुणाचे बिऱ्हाड आहे तिथे कुणी खणायचे नाही. बिऱ्हाड आहे की नाही हे सगळ्या प्राण्यांच्या सभेने ठरवायचे. सभेचा प्रमुख होता एक म्हातारा रानबैल. त्याचे केस जमिनीला टेकत, आणि एखादी गोष्ट समजून घ्यायला तो इतका वेळ लावी की समोरचा कंटाळून जाई. पण त्याने दिलेला निकाल कधी बदलावा लागला नव्हता. हिवाळा ओसरताना सभा भरली. अस्वलाने फार नम्रपणे आपले म्हणणे मांडले, तेल निघाले की थोडी ऊब सगळ्यांच्याच वाट्याला येईल असेही सांगितले, आणि विचारले की, हा माळ कुणाचा असेल तर त्याने तसे बोलावे.

कुणीच बोलले नाही. ज्यांनी बोलायचे त्या कॅरिबू माद्या तेव्हा डोंगरांपलीकडे बर्फातून चालत होत्या. शेवटी लांडगीण उठली. तिचे दिवस भरत आले होते, त्यामुळे तिला उठायलाही वेळ लागला.

"माळ माझा नाही," ती म्हणाली, "पण तो रिकामाही नाही. तिथं कॅरिबूंची पाडसं जन्मतात."

हे ऐकून सभेत हशा पिकला. कॅरिबूंची बाजू घेऊन लांडगीण बोलते, यावर कोल्हा तर गडाबडा लोळला. अस्वल हसले नाही. त्याने अदबीने विचारले, "लांडगीणबाई, तुम्ही इतक्या पिढ्या शेजारी राहता. त्या माळावर तुमचं एक पाऊल, एक हाड, काहीही दाखवता का?" लांडगिणीला ते दाखवता येईना. रानबैलाने बराच वेळ रवंथ केले आणि सांगितले की, बर्फ वितळू लागले की सभा त्या जागी जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहील आणि मगच निकाल देईल.

त्यानंतरचे दिवस लांडगिणीला फार वाईट गेले. तिला पिल्ले झाली, आणि त्या वर्षी कॅरिबू यायला उशीर झाला. तिचा लांडगा शिकारीसाठी लांबलांब जाई आणि बहुधा तसाच परत येई. पिल्लांचे डोळेही उघडले नव्हते आणि तिचे दूध आटू लागले होते. अशात कोल्हा गुहेच्या तोंडाशी येऊन बसला. त्याने आधी पिल्लांचे कौतुक केले आणि मग हळूच विषय काढला. सभेत पुन्हा काही बोलू नकोस, एवढेच अस्वलाचे म्हणणे आहे, असे तो म्हणाला. त्या बदल्यात गुहेच्या दारात रोज मांस येईल.

"ताई, रीत तू पाळतेस, पण रीत तुझ्या पोरांना दूध पाजणार आहे का?" त्याने विचारले.

लांडगीण चिडली नाही, कारण प्रश्न खोटा नव्हता. "या माळावर कॅरिबू जन्मले म्हणून मी जन्मले," ती म्हणाली. "माझ्या आईच्या दुधात तो माळ होता. आज मी तो विकला, तर ही पोरं पुढं काय खातील? अस्वलाचं उष्टं?"

कोल्ह्याला ते लागले, कारण तो स्वतः तेच खात होता. तो निघून गेला, पण जाता जाता त्याच्या डोक्यात एक डाव शिजला. लांडगीण रीत पाळते म्हणून सभेत तिला थोडा तरी मान होता. तिने स्वतःच माळावर पाऊल टाकले, तर तो मान संपेल आणि तिचे म्हणणे कुणी ऐकणार नाही. त्याने अस्वलाकडून मांसाचा एक मोठा तुकडा आणला आणि तो खडकांच्या पलीकडे, माळाच्या हद्दीत थोडा आत नेऊन टाकला. मग तो एका दगडाआड दडून बसला.

उन्हाळ्याच्या तोंडाशी त्या मुलखात सूर्य मावळत नाही, त्यामुळे त्याला सगळे स्वच्छ दिसत होते. वास घेत लांडगीण आली. खडक संपले तिथे ती थांबली. मांस तिच्यापासून एका उडीवर होते. ती बर्फावर बसली. तिच्या तोंडाला पाणी सुटले, पुढचे पंजे आपोआप पुढे सरकू लागले, तेव्हा तिने ते दगडावर घट्ट रोवून धरले. ती लहान असताना एका वाईट वर्षी तिची आईही अशीच इथे बसली होती. आईच्या बरगड्या मोजता येत होत्या. समोर पाडसे हिंडत असताना आपण का जात नाही, असे तिने तेव्हा आईला विचारले होते. आईने उत्तर दिले नव्हते, नुसते तिला पोटाशी घेतले होते. लांडगिणीला आता त्या पोटाची ऊब आठवली आणि रडूही आले. खूप वेळाने ती उठली. ती बसली होती तिथले बर्फ तिच्या अंगाने वितळून खाली खडक दिसू लागला होता. ती मागे फिरली, टेकडीवरचे बर्फ उकरून तिने सापडतील तेवढे उंदीर पकडले, ते खाल्ले आणि पिल्लांपाशी जाऊन निजली.

काही दिवसांनी सभा माळाच्या काठाशी आली. रानबैल, त्याच्यामागे बाकीचे प्राणी, आणि त्यांच्याबरोबर अस्वल. कोल्हा सगळ्यांच्या पुढे होता. लांडगीण मांसाच्या वासाने आत गेलीच असेल, कारण असा मोह आपल्याला आवरला नसता, अशी त्याची खात्री होती. आपण दडून बसलो तेव्हा ती गेली नसेल, पण नंतर नक्की गेली असेल, असे त्याने मनाशी धरले होते. त्याने मोठ्या आवाजात सांगून टाकले की, ही बाई चोरून माळावर जाते, बर्फावर पावले पाहा. सगळ्यांनी पाहिले. तिथे पावले होती खरी. मांसापर्यंत गेलेली आणि परत आलेली. पण ती लहानखुरी होती, आणि रानबैलाने कोल्ह्याला त्यांच्या शेजारी पंजा ठेवायला सांगितले, तेव्हा पंजा नेमका बसला. कोल्ह्याने शेपटी पायांत घातली.

लांडगिणीला वाटले, आता आपले खरे ठरले. पण अस्वल काही कच्च्या गुरूचा चेला नव्हते. ते शांतपणे पुढे आले.

"झालं ना मग सिद्ध? लांडगीणबाई इथं कधी पाऊल टाकत नाहीत, हे मला मान्य आहे. त्यांचे पूर्वजही टाकत नव्हते, हेही मान्य. रानबैलबाबा, आता तुम्हीच सांगा, जिथं कधीच कुणी जात नाही ती जागा रिकामी म्हणायची नाही तर काय म्हणायची?"

रानबैल कितीतरी वेळ माळाकडे पाहत राहिला. माळ खरोखरच रिकामा होता. नजर जाईल तिथवर बर्फ, बर्फातून डोकावणारे पिवळे गवत आणि अस्वलाच्या खुंट्या. कायदा कायदा होता. रानबैलाने जड मनाने मान हलवली आणि तो निकाल द्यायला वळला.

"बाबा, निकालाआधी माझ्याबरोबर थोडं चला," लांडगीण म्हणाली. "आत नाही. काठानं."

काठावरचे बर्फ वाऱ्याने झडून गेले होते आणि खडकांच्या पायाशी एक पायवाट उघडी पडली होती. लांडगिणीच्या मागे सगळे त्या वाटेने निघाले. अस्वल आधी खूश झाले, कारण वाट आहे म्हणजे ती कुठेतरी जाणार, आणि लांडग्यांची चोरवाट सापडली तर लांडगिणीचा शब्दच खोटा ठरणार. पण वाट माळात शिरेना. टेकडीला वळसा घालून ती पुढच्या टेकडीच्या पायथ्याशी गेली, तिथून ओढ्याच्या काठाने, तिथून पुन्हा खडकांतून. दगड पायांनी झिजून गुळगुळीत झाले होते. एका जागी मऊ चामड्याच्या जोड्यांचे जुने ठसे चिखलात वाळून राहिले होते; तंबूंत राहणारी माणसेही याच वाटेने आली होती आणि आत न जाता पुढे गेली होती. सभा चालत राहिली. पुढे समुद्र दिसू लागला, तेव्हा अस्वलाच्या लक्षात आले की, आपण माळाभोवती फेरी घालतो आहोत. संबंध माळाभोवती वाट होती आणि तिला आत जाणारा एकही फाटा नव्हता.

मग ते ओरखड्यांपाशी आले. वाटेलगतच्या एका सपाट खडकावर नखांचे खोल ओरखडे होते, जुन्यावर नवे, नव्यावर आणखी नवे. ओरखडे वाचायचे तर अस्वलानेच वाचावेत. ते खाली बसले, आपला पंजा त्यांवर ठेवून पाहू लागले. हे ओरखडे जागा बळकावणाऱ्याचे नव्हते. इथे कुणीतरी भुकेले बसले होते, समोर शिकार दिसत होती, पुढे धावू पाहणारे पाय त्याने दगडात नखे रुतवून मागे धरले होते. एकदा नव्हे, पिढ्यानपिढ्या. जंगलातल्या कुठल्याही झाडावर अस्वलाने असा ओरखडा पाहिला नव्हता. त्याने पंजा हळूच उचलून घेतला.

"अस्वलराव," लांडगीण म्हणाली, "तुम्ही आत कोण गेलं ते शोधत होता. आम्ही कुठं थांबलो ते बघायला हवं होतं. हा माळ रिकामा पडलेला नाही. आम्ही तो रिकामा ठेवला आहे, आणि त्याचा आम्हाला फार अभिमान आहे."

एवढ्यात रानबैलाने कान टवकारले. टेकडीवरून टकटक असा आवाज येत होता. कॅरिबू चालताना त्यांच्या पायांतून असा आवाज येतो. उशीर झालेला कळप आला होता. पुढे पोटुशा माद्या, दमलेल्या, बरगड्या वर आलेल्या, आणि त्यांच्यात सगळ्यांत पुढे एक म्हातारी मादी. ती नेमकी लांडगिणीच्या अंगावरच आली. दोघी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. सगळ्या सभेची नजर लांडगिणीवर खिळली. तिची हाडे दिसत होती, गुहेत तिची पिल्ले उपाशी होती, आणि समोर पळून जायचीही ताकद नसलेली शिकार होती. समोरची मादी माळाच्या आत नव्हती, काठावर होती. पण ती पुढे चालणारी होती.

लांडगीण वाटेवरून बाजूला झाली आणि पोट जमिनीला टेकवून बसली. तिने मान वळवून घेतली. म्हातारी मादी तिच्या जवळून, अगदी जवळून गेली, पायवाट ओलांडली आणि माळावर उतरली. तिच्यामागून दुसरी उतरली, मग पाचपन्नास, मग शेकडो. खुंट्यांच्या भोवती कॅरिबू पसरले. एक मादी तर एका खुंटीला टेकूनच उभी राहिली, कारण तिची वेळ आली होती. थोड्याच वेळात तिच्या पायांशी एक ओले, तपकिरी गाठोडे पडले, आणि ते गाठोडे लगेच उभे राहायची धडपड करू लागले.

रानबैलाला कुठलीही गोष्ट समजायला वेळ लागे, पण ही त्याला ताबडतोब समजली.

"बिऱ्हाड आलं," तो म्हणाला. "खुंट्या काढा."

खुंट्या लगेच काढल्या नाहीत. पाडसे पळू लागेपर्यंत माळावर कुणी पाय ठेवायचा नाही, असे खुद्द अस्वलानेच सुचवले, आणि तोपर्यंत ते वाटेच्या बाहेर बसून राहिले. उन्हाळा सरता सरता कळप निघून गेले, तेव्हा त्याने खुंट्या उपटल्या आणि उकरलेले खड्डे बुजवले. कोल्ह्याला सभेने त्याच्या मदतीला दिले होते. रोजचे मांस त्याला मिळाले नाही. माती ओढून ओढून पाय मात्र दुखले. लांडगिणीचे म्हणाल तर माद्यांच्या मागून नरांचे कळप आले, आणि तिने व तिच्या लांडग्याने टेकडीपलीकडे एक थकलेला म्हातारा नर धरला. त्या दिवशी पिल्लांना पोटभर दूध मिळाले. डोळे उघडून ती चालू लागली, तेव्हा लांडगीण त्यांना घेऊन पहिल्यांदा जिथे गेली ती जागा म्हणजे तो सपाट खडक. पिल्लांनी विचारले की, आपण पुढे का जात नाही. लांडगिणीने उत्तर दिले नाही, त्यांना पोटाशी घेतले आणि ती माळाकडे पाहत बसली.

अस्वल तेल न घेताच घरी परतले. जंगलातली अस्वले पुष्कळ ओरडली, पण करणार काय? त्या वर्षी थंडी पडली, तेव्हा उबेसाठी पेटवायला काही उरले नव्हते, म्हणून ती नाइलाजाने आपापल्या गुहेत आडवी झाली. आणि मुलांनो, कित्येक वर्षांनी त्यांना इतकी गाढ झोप लागली की वसंत आला तरी उठायला कुणी तयार नव्हते.

तात्पर्य : जी जागा आपल्याला रिकामी दिसते, ती कुणीतरी भूक मारून जपलेली असू शकते, म्हणून तिथे खुंटी ठोकण्याआधी तिच्या काठाने एकदा चालून पाहावे.